तिसरा हिस्सा गावाचा

बडोद्याला माझं जाणं तसं नवीन नाही. धाकट्या नणंदेचं सासर तिथलं, त्यामुळे बारशी, मुंजी, लग्नं यांच्या निमित्तानं पाच-सहा फेऱ्या सहज झाल्या असतील. लक्ष्मीविलास राजवाडा पाहिला, सूरसागरच्या कठड्यावर संध्याकाळी बसले, सकाळी सेव-उसळ खाल्ली. मांडवीच्या चौकातून तर कितीदा रिक्षा गेली. पण त्या मांडवीला लागूनच असलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयाची पायरी मी कधी चढले नव्हते, आणि याची मला मनापासून खंत होती. कारण गेली बारा वर्षं मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची चिटणीस आहे. ग्रंथालयं गावात कशी रुजतात, टिकतात आणि कशानं सुकतात, हा माझ्या रोजच्या जगण्यातला प्रश्न. भारतात या प्रश्नाला पहिल्यांदा राज्यभर हात घातला गेला तो बडोद्यात. म्हणून या वेळी कुणाचं लग्न नसताना, फक्त ग्रंथालयं पाहायला निघाले.

सकाळच्या गाडीनं मुंबई सोडली आणि थेट बडोद्याला न जाता आधी नवसारीला उतरले. त्याला कारण होतं. बडोद्याच्या ग्रंथालयांची गोष्ट सांगताना बहुतेक जण १९१० पासून सुरुवात करतात, महाराजा सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून तज्ज्ञ आणला तेव्हापासून. पण नवसारी हे गायकवाडी मुलखाच्या दक्षिणेकडच्या प्रांताचं मुख्य गाव, आणि तिथे दोन ग्रंथालयं त्याच्या कितीतरी आधीची आहेत. पारशी समाजानं १८७२ मध्ये स्थापलेलं मेहेरजी राणा ग्रंथालय हे एक. अकबराच्या दरबारात जाऊन आपला धर्म समजावून सांगणाऱ्या दस्तुरांचं नाव त्याला दिलेलं. अवेस्ता, पहलवी आणि फारसी हस्तलिखितांसाठी ते जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. दुसरं १८९८ चं सयाजी वैभव सार्वजनिक पुस्तकालय. मी गेले तेव्हा वाचनकक्षात पंधरा-वीस माणसं वर्तमानपत्रं वाचत बसली होती आणि आतल्या खोलीत मुलांचा घोळका पुस्तकं निवडत होता. ग्रंथपालबाईंनी 'आवो, बेन' म्हणून पाण्याचा पेला पुढे केला. मी कोण, कुठली, हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आमच्या सभासदसंख्येचा आणि दुसरा वाळवीचा. ग्रंथालय चालवणारी माणसं एकमेकांना किती लवकर ओळखतात!

नवसारीत एक गोष्ट पक्की समजली. पुस्तकांची हौस लोकांच्यात आधीपासून होती, गावातले चार शहाणेसुरते लोक एकत्र येऊन वाचनालय काढतच होते. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, म्हणजे आपल्याकडेही ही हौस जुनीच. बडोद्यानं काय केलं, तर या हौसेला व्यवस्था दिली, आणि शहरापुरती असलेली गोष्ट खेड्यापर्यंत नेली.

दुपारच्या गाडीनं बडोद्याला पोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवी गाठली. मांडवी म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध उभा असलेला चौकोनी, कमानींचा मंडप. चारी दिशांना चार रस्ते, त्यांच्या टोकांना जुन्या वेशी. भोवती कापडाची, भांड्यांची, पितळी देवांची दुकानं, हातगाड्या, दुचाक्यांचे हॉर्न. १९०८ मध्ये सयाजीरावांनी सुरू केलेल्या बँक ऑफ बडोदाची जुनी इमारत इथलीच. ग्रंथालय असं भर बाजारात ठेवलं आहे हे मला फार आवडलं. भाजी घ्यायला आलेल्या माणसाला पुस्तक बदलता यावं, इतकं ते हाताशी आहे.

१९३१ पासून ग्रंथालय या वास्तूत आहे. वाचनकक्ष नेहमीसारखा: लांब टेबलं, स्पर्धापरीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली मुलं, पंख्यांचा आवाज. खरी नवलाई आत, पुस्तकांच्या कोठारात आहे. परवानगी काढून एका कर्मचाऱ्याबरोबर मी आत गेले. पोलादी कपाटांच्या रांगा मजल्यावर मजले चढत गेलेल्या, आणि मधली जमीन जाड काचेच्या लाद्यांची! पाऊल ठेवताना क्षणभर जीव कचरला. पण काच पक्की आहे, इतक्या वर्षांत पायांनी घासून धुरकट झालेली. वरच्या खिडकीतला उजेड त्या लाद्यांतून झिरपत खालच्या कपाटापर्यंत येतो. मी खालच्या मजल्यावर उभी होते, वर कुणीतरी पुस्तकं लावत होतं, आणि त्याच्या पावलांच्या सावल्या माझ्या डोक्यावर सरकत होत्या. लाकूड नसल्यामुळे वाळवीला आणि आगीला वाव कमी. कपाटांची उंचीही अशी की शिडी न लावता सगळ्यात वरचा ग्रंथ हाताला यावा. मी पाच फुटांची, आमच्या वाचनालयात स्टुलाशिवाय माझं चालत नाही. इथे टाचा जरा उंचावल्या आणि वरच्या खणातलं पुस्तक हातात आलं.

हे सगळं ज्याच्या मनातून निघालं तो माणूस वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी गायकवाड घराण्यातला गोपाळ. १८७५ मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव झाला. धुळाक्षरं गिरवायला लागला तो गादीवर बसल्यावर. १८८१ मध्ये कारभार हाती आला आणि १९३९ मध्ये निधन होईपर्यंत हा राजा वाचतच राहिला. त्यांना पुस्तकं वाचून दाखवायला, टिपणं काढून द्यायला वाचक नेमलेले असत. पुढे रियासतकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये बडोद्याच्या सेवेत शिरले ते याच कामासाठी. राजपुत्रांना शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच रियासतींचा तो प्रचंड प्रकल्प उभा राहिला. महाराष्ट्राच्या इतिहासलेखनावर बडोद्याच्या वाचनाचं केवढं ऋण आहे, हे आपण फारसं बोलत नाही.

पण राजा वाचतो म्हणून प्रजा वाचत नाही. ग्रंथालयाच्या आधी शाळा आली, हा क्रम समजून घेतला पाहिजे. १८९३ मध्ये काठेवाडातल्या अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये ती सक्ती सगळ्या राज्यात लागू झाली. मग लक्षात आलं ते असं: पोर चार यत्ता शिकतं, शाळा सोडून शेतावर जातं, आणि वाचायला घरात काहीच नसल्यानं दोन-चार वर्षांत अक्षर विसरतं. शाळेवर केलेला खर्च मातीत जातो. शाळेनं दिलेलं अक्षर टिकवायचं तर गावात पुस्तक पाहिजे. ग्रंथालय खातं निघालं ते या हिशेबातून. त्यामुळेच ते शोभेचं झालं नाही.

अमेरिकेच्या दौऱ्यांत महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं बारकाईनं पाहिली होती. राजवाड्यात येऊन मोजक्या मंडळींनी वाचावं, असला तो प्रकार नव्हता. कुणीही यावं, पुस्तक घरी न्यावं, पैसा पडू नये. १९१० मध्ये त्यांनी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अॅलनसन बॉर्डन यांना बडोद्याला आणलं. बॉर्डन यांनी बॉस्टनला कटर या नामांकित ग्रंथपालाच्या हाताखाली काम केलेलं, दशांश वर्गीकरणाच्या ड्यूईंनी काढलेल्या ग्रंथपालांच्या शाळेत शिकवलेलं. महाराजांनी लक्ष्मीविलासमधले आपले सुमारे २०,००० ग्रंथ काढून दिले आणि मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात झाली. १९११ मध्ये बॉर्डन यांनी ग्रंथपालांसाठी वर्ग काढला. भारतातला ग्रंथालयशास्त्राचा हा पहिला वर्ग. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले १९२४ मध्ये, म्हणजे त्यांच्याही बारा-तेरा वर्षं आधी बडोद्यात पुस्तकांचं वर्गीकरण, कार्डांची सूची, देवघेवीची नोंद हे रीतसर शिकवलं जात होतं. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग निघाले. 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं त्रैमासिकही निघालं. इंग्रजीच्या जोडीला गुजराती आणि मराठी मजकूर देणारं.

बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले. बाहेरून आणलेला माणूस गेला की काम बसतं, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे तसं झालं नाही, आणि याचं श्रेय दोन माणसांना. एक जनार्दन सखाराम कुडाळकर. बॉर्डन यांच्यानंतर खात्याची धुरा या मराठी माणसाच्या खांद्यावर आली. १९१९ मध्ये त्यांनी बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मद्रासला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषदेचे ते अध्यक्ष होते. महाराष्ट्रात ग्रंथालयाच्या कुठल्याही कार्यक्रमात रंगनाथनांच्या तसबिरीला हार घालतात, तो घालायलाच हवा. पण कुडाळकरांचं नाव मी आमच्या एकाही मेळाव्यात ऐकलेलं नाही, आणि ही आपली चूक आहे.

दुसरे मोतीभाई अमीन. त्यांच्यासाठी पुढे वसोला जायचं होतं.

त्याआधी संदर्भ विभागात एक दुपार घालवली. मला एक ग्रंथ प्रत्यक्ष पाहायचा होता: 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू', १९३१ चा. राज्यकारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडलेले. आठ भाषांचे रकाने. राजा मराठी, प्रजा बव्हंशी गुजराती. कारभार लोकांच्या भाषेत चालावा म्हणून एवढा खटाटोप. पानं आता पिवळी पडलीत, कडा भुरभुरतात. मी उजव्या हाताचं बोट रकान्यावरून सरकवत मराठी शब्द वाचत गेले. काही शब्द आज आपण रोज वापरतो, काही पुरते विसरलो. एक पान उलटताना कोपरा तुटेल असं वाटलं, तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. अशा ग्रंथांची डिजिटल प्रत निघणं आणि ती सर्वांना खुली असणं किती निकडीचं आहे, ते कागद हातात घेतल्यावर कळतं.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा मराठी कादंबरी वाचत बसले होते. दांडिया बाजारचे, घराण्याची पाचवी पिढी बडोद्यात. त्यांची मराठी ऐकायला मोठी गोड. वाक्य अगदी जुन्या वळणाचं आणि मध्येच 'एटले' येऊन बसलेला. "ताई, एटले असं बघा," ते म्हणाले, "माझे वडील इथून रोज एक पुस्तक न्यायचे, मी आठवड्याला नेतो, मुलगा वर्षातून एकदा मला सोडायला येतो." तक्रार नव्हती त्यात, नुसती मोजदाद होती. माधव ज्यूलियन याच शहरात जन्मले, 'चिमणराव'वाले चिं. वि. जोशी इथे पाली शिकवत, मराठी साहित्य संमेलनं इथे १९०९ आणि १९२१ मध्ये आणि पुढेही भरली. मराठीची कपाटं अजून भरलेली आहेत. वाचणारे मात्र आजोबांच्या वयाचे उरलेत.

दुसऱ्या दिवशी प्राच्यविद्या मंदिरात जाऊन आले. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागात हस्तलिखितं इतकी वाढली की १९२७ मध्ये ही स्वतंत्र संस्था झाली. महाराजांचे पंडित गावोगाव हिंडून पोथ्या मिळवत. चिमणलाल दलाल यांनी पाटणच्या जैन भांडारांतल्या पोथ्या धुंडाळल्या. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ, राजशेखराची 'काव्यमीमांसा', १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती इथेच तयार झाली, १९७५ मध्ये ती पूर्ण झाली. पंडितांच्या या कामाबद्दल आदर आहेच, पण माझा जीव अडकला होता तो खेड्यांत फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्यांत.

या पेट्यांविषयी सविस्तर सांगायला हवं. बडोदा संस्थान नकाशावर सलग नव्हतं. नवसारी दक्षिणेला, बडोदा मध्ये, कडी-मेहसाणा उत्तरेला, अमरेली काठेवाडात आणि ओखामंडळ तर पार द्वारकेला. मध्ये इंग्रजांचा मुलूख आणि इतर संस्थानं. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, बहुतेक खेड्यांत. अशा विखुरलेल्या राज्यात मांडवीला एक भव्य ग्रंथालय काढून भागणार नव्हतं. म्हणून फिरती ग्रंथालयं निघाली. भक्कम लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तकं. गावातल्या जबाबदार माणसानं, बहुधा शाळामास्तरानं, मागणी करायची. खातं पेटी पाठवणार, नेण्या-आणण्याचा खर्च खात्याचा. लोकांनी वाचून झालं की पेटी परत, मग दुसरी पेटी. बडोदा संस्थानाला रेल्वेचं वेड जुनं, मियागाम ते डभोई ही नॅरोगेज तर १८६२ मध्ये बैल जुंपून सुरू झालेली. त्या चिमुकल्या रुळांचं जाळं पुढे खेड्यांच्या जवळ गेलं आणि जिथे रूळ पोचत नव्हते तिथे बैलगाडी होतीच. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी खात्यानं मॅजिक लँटर्न आणि पुढे चलतचित्रंही फिरवली. गावच्या चावडीसमोर पडदा बांधून फुकट खेळ. ग्रंथालय खात्यानं सिनेमा दाखवावा, हे त्या काळी केवढं धाडस होतं!

आणि ज्या गावाला स्वतःचं पुस्तकालय हवं, त्याच्यासाठी नियम असा: गावानं वर्गणी काढून एक हिस्सा जमवायचा, तेवढाच पंचायत देणार, तेवढाच सरकार देणार, ठरवलेल्या मर्यादेपर्यंत. इमारतीलाही हाच हिशेब. एक तृतीयांश गावाचा. मला विचाराल तर संबंध चळवळीचं मर्म या नियमात आहे. सरकारनं सगळे पैसे दिले असते तर ते सरकारी कपाट झालं असतं, किल्ली तलाठ्याकडे आणि धूळ गावाकडे. काहीच दिलं नसतं तर पुस्तकालय पहिल्या दुष्काळात बंद पडलं असतं. गावानं स्वतःच्या खिशातून काढलेला तिसरा हिस्सा म्हणजे त्या पुस्तकांवरची मालकी. सयाजीरावांच्या अखेरच्या काळापर्यंत राज्यात गावोगावची मिळून हजारावर ग्रंथालयं झाली होती.

हा नियम लोकांना पटवायला पायाला चक्रं बांधलेला माणूस लागत होता. मध्य गुजरातेतल्या चरोतर भागातल्या वसोचे मोतीभाई नरसिंहभाई अमीन तसे होते. १८७३ चा जन्म. शाळकरी वयातच गावात विद्यार्थ्यांचं वाचनालय काढलं, पुढे पेटलादला शिक्षक झाले, आणि १९०६ मध्ये, म्हणजे बॉर्डन बडोद्यात पाऊल ठेवायच्या चार वर्षं आधी, मित्रमंडळ पुस्तकालयांची चळवळ सुरू केली. गावातल्या पाच-दहा वाचणाऱ्यांनी वर्तमानपत्रं, मासिकं मिळून घ्यायची आणि सगळ्यांना वाचायला ठेवायची, इतकी साधी कल्पना. पुढे ते ग्रंथालय खात्यात आले आणि खेड्यांचं काम त्यांच्याकडे आलं. पुस्तकालयांना पुस्तकं स्वस्तात मिळावीत म्हणून सहकारी मंडळ काढलं. गुजराती माणूस त्यांना चरोतरचा मोती म्हणतो. १९३९ मध्ये ते गेले, ज्या वर्षी महाराज गेले त्याच वर्षी.

बडोद्याहून आणंद, तिथून पुढे जीपनं वसोला गेले. तंबाखूची आणि केळीची हिरवीगार शेतं, रस्त्याकडेला कडुनिंब. वसोतल्या जुन्या हवेल्यांचं लाकडी कोरीवकाम पाहताना मान अवघडते. दरबार गोपाळदास देसाई, ज्यांनी स्वातंत्र्यलढ्यासाठी जहागीर घालवली, त्यांचंही गाव हेच. मोतीभाईंनी मुलांसाठी माँटेसरी पद्धतीची शाळा काढली तीही इथेच, माँटेसरी हे नाव भारतात फारसं कुणी ऐकलेलं नसताना.

तिथून जवळच्या एका लहान गावी पुस्तकालय असल्याचं कळलं. दोन खोल्या, पुढे ओटा, दार बंद. शेजारच्या पानवाल्यानं निरोप धाडला आणि दहा मिनिटांत एक निवृत्त मास्तर सायकलवरून किल्ली घेऊन हजर झाले. आत कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास. आमच्याकडेही कपाटात तोच पाला ठेवतात. भिंतीवर संगमरवरी पाटी आणि तिच्यावर देणगीदारांची नावं, रुपये-आण्यांसकट. बाजूला नंतर लावलेली दुसरी पाटी. तिच्यावरच्या नावांपुढे नैरोबी, कंपाला असे पत्ते. चरोतरचे पटेल आफ्रिकेत गेले आणि गावच्या पुस्तकालयाला तिथून वर्गणी धाडत राहिले. तिसरा हिस्सा समुद्र ओलांडून आला होता.

मास्तरांना मी पेट्यांबद्दल विचारलं. ते हसले. "बेन, माझे बापूजी सांगायचे, आमच्या गावात आधी पेटी आली, मग पुस्तकालय आलं." पेटी आली की मुलं मास्तरांच्या घरापुढे जमायची, झाकण उघडताना ज्याला सगळ्यात पुढे उभं राहायला मिळे त्याला पहिलं पुस्तक. चार पेट्या येऊन गेल्यावर लोक म्हणाले, परत कशाला पाठवायची, आपलीच घेऊ. हे मी कुठल्याही अहवालात वाचलं असतं तर विसरले असते. तिथे, त्या ओट्यावर बसून ऐकलं म्हणून मनात राहिलं. पेटी ही पुस्तकं पुरवायची सोय तर होतीच, पण ती गावाला पुस्तकांची चटक लावायला धाडलेली होती.

मास्तरांनी रजिस्टर दाखवलं. शेवटच्या पानावर त्या महिन्याची देवघेव: सतरा पुस्तकं. सतरा आकडा लहान वाटेल. पण ते गाव दीड-दोन हजारांचं, मोबाइल प्रत्येकाच्या हातात, आणि मास्तरांना यासाठी पगार नाही. मी त्यांच्या पाया पडले. त्यांना अवघडल्यासारखं झालं, पण मला राहवलं नाही.

१ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये गुजरातेत आलं. राजाचा लोभ गेला, खातं इतर खात्यांसारखं एक खातं झालं. पुस्तकालयं बरीचशी टिकली, काहींची कुलपं गंजली. कायदा मात्र वेगळ्याच ठिकाणी आधी झाला: कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला, तो देशातला पहिला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, गुजरातचा २००१ चा. दोन्ही राज्यांत ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही; लोकांच्या संस्था आणि त्यांना सरकारी अनुदान, अशी रचना आहे. म्हणजे सांगाडा बडोद्याचाच. पण हिश्शांचं प्रमाण बिघडलं. आमच्या वाचनालयाचं बघा. अनुदानाचा हप्ता कधी येईल याकडे डोळे लावून बसायचं, आणि आला की आधी ग्रंथपालाचा तुटपुंजा पगार, मग वीजबिल, उरलं तर पुस्तकं. गावाची वर्गणी म्हणाल तर महिन्याला चहाच्या दोन कपांइतकी, आणि तीही अनेकांची थकलेली. सरकारनं अनुदान वाढवायलाच हवं, वेळेवर द्यायलाच हवं, यात दुमत नाही. पण गावानं आपला हिस्सा टाकला नाही तर वाचनालय गावाचं राहत नाही, हे चरोतरातली ती पाटी वाचल्यावर मला लख्ख कळलं. परत आल्यावर कार्यकारिणीच्या बैठकीत मी दोन ठराव मांडले. एक देणगीदारांची पाटी लावण्याचा. दुसरा पेट्यांचा: वाचनालयापासून लांब असलेल्या चार वाड्यांवर दर महिन्याला वीस पुस्तकांची पेटी धाडायची. दोन्ही मंजूर झाले. पहिली पेटी धनगरवाडीच्या शाळेत गेली आहे.

तुम्ही बडोद्याला जाल तेव्हा राजवाडा पाहालच, जरूर पाहा. पण एक सकाळ मांडवीसाठी राखून ठेवा. ग्रंथालयात गेल्यावर कोठार पाहायची रीतसर परवानगी मागा, काचेच्या जमिनीवरून जपून चाला आणि मराठीची कपाटं कुठे आहेत ते विचारा. एखादं पुस्तक काढून टेबलावर बसून वाचा. मराठी वाचणारं कुणी आलं, एवढी नोंद तिथे पडायला हवी. आणि घरी परत आल्यावर तुमच्या गावच्या वाचनालयाची थकलेली वर्गणी भरून टाका.